अंतकाळाच्या कादंबऱ्या आणि मागे राहणारा शेजारी

जगाचा शेवट कसा होईल हे ऐकण्याची हौस मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. आपल्या मुलखास ती नवी नाही. कलियुग भरत आले, आता प्रलयास उशीर नाही, असे सांगणारे वृद्ध गावोगावच्या पारावर होते व आजही आहेत. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा देशभर होमहवने झाली व पुष्कळांनी जगबुडीची वाट पाहिली. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब नावाची अंतराळातील प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार अशी वार्ता आली, तेव्हा खेड्यापाड्यांतील लोक धास्तीने आकाशाकडे पाहू लागले. ग्रह आपापल्या मार्गाने गेले. स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला आपापल्या कामास लागावे लागले.

हीच हौस सांप्रत ख्रिस्ती पोषाख घालून आपल्या दाराशी आली आहे. तिच्याविषयी आज दोन शब्द लिहावे असे आम्हांस वाटते. ज्यांस अंतकाळाच्या कादंबऱ्या म्हणतात त्यांचा खप अमेरिकेत इतका झाला आहे की तो ऐकून आश्चर्य वाटते. टिम लाहे नावाचे पाळक व जेरी जेन्किन्स नावाचे लेखक या उभयतांनी १९९५ साली 'लेफ्ट बिहाइंड', म्हणजे 'मागे राहिलेले', या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचे बारा भाग २००४ पर्यंत निघाले, पुढे आणखी चार निघाले, आणि १६ भागांच्या मिळून ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या. मुलांसाठी निराळी ४० पुस्तके निघाली. २००० व २०१४ साली चित्रपट निघाले. ही पुस्तके आपल्या घोंगड्यावर बसून वाचणारा मनुष्य जालना जिल्ह्याच्या खेड्यांत क्वचितच सापडेल. तथापि पुस्तक जेथे पोहोचत नाही तेथे त्याची गोष्ट पोहोचते. मोबाईलवर फिरणारी चित्रे, कोणी पाठवलेले भाषण, पाहुण्या उपदेशकाच्या तोंडचे दृष्टांत, यांत त्याच कादंबऱ्यांचे प्रसंग असतात, आणि ऐकणाऱ्यास ते शास्त्रातलेच वाटतात.

त्या कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. एक वैमानिक रात्री मोठे विमान घेऊन समुद्रावरून जात असता त्यातले पुष्कळ उतारू एकाएकी नाहीसे होतात व त्यांचे कपडे तेवढे आसनांवर पडलेले राहतात. जगभर असेच होते. खरे विश्वासी व सर्व लहान मुले प्रभूने वर नेलेली असतात. वैमानिकाची पत्नी व धाकटा मुलगा गेलेले असतात, आणि तो स्वतः व त्याची मुलगी मागे राहतात. मग मोठ्या संकटाची सात वर्षे सुरू होतात, ख्रिस्तविरोधी सर्व जगाचा राजा होतो, आणि मागे राहिलेल्यांपैकी जे पश्चात्ताप करतात ते त्याच्याशी झुंजतात. गोष्ट वेगाने चालते, एक प्रकरण संपले की दुसरे वाचल्याशिवाय राहवत नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता, हे सर्व पवित्र शास्त्रात असेच लिहिले आहे काय? प्रभू पुन्हा येईल व जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील हे प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आहे, आणि सर्व ख्रिस्ती मंडळ्या ते एकमुखाने कबूल करतात. परंतु मंडळी आधी गुप्तपणे वर घेतली जाईल, नंतर सात वर्षे संकट होईल, व त्यानंतर प्रभू उघडपणे येईल, ही मांडणी मुख्यत्वे जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) यांच्या शिक्षणातून एकोणिसाव्या शतकात पसरली. पुढे १९०९ साली स्कोफील्ड यांनी टीपांसह शास्त्र छापले, तेव्हा वचनाखालची टीप व वचन एकाच पानावर आल्यामुळे पुष्कळ साध्या वाचकांस दोहोंतला भेद कळेनासा झाला. या मतावर कादंबऱ्या लिहिण्याचाही प्रघात जुना आहे. इंग्लंडात सिडनी वॉटसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा गोष्टी लिहिल्या. १९७० साली हॅल लिंडसे यांनी वर्तमानपत्रातील बातम्या व भविष्यवाद जुळवून लिहिलेले पुस्तक फार खपले, आणि १९७२ साली 'अ थीफ इन द नाइट' हा चित्रपट मंडळ्यामंडळ्यांतून दाखवला गेला. हे मत भक्तिमान लोकांनी धरले आहे आणि आजही धरतात; त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस शंका नाही. आमचे सांगणे इतकेच की ते शास्त्राचा एक अर्थ आहे, शास्त्र नव्हे. आणि त्यावर रचलेली कादंबरी ही त्या अर्थाच्याही दोन पायऱ्या खाली आहे.

तरीही लोकांस या गोष्टी इतक्या का आवडतात, याचा विचार केल्यावाचून त्यांस नावे ठेवणे बरे नव्हे. एक तर जग गोंधळाचे आहे. युद्ध का होते, भाव का चढतात, रोग कोठून येतो, हे कोणी सरळ सांगत नाही. अशा वेळी सर्व घटनांचे एकच सूत्र आमच्या हाती आहे, असे सांगणारे पुस्तक मनास आधार देते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या संहारानंतर या कादंबऱ्यांची मागणी एकदम वाढली यात नवल नाही. दुसरे असे की अन्याय करणारा शेवटी पकडला जावा ही इच्छा मनुष्याच्या अंतःकरणात देवानेच ठेवली आहे. ज्याची जमीन सावकाराने लबाडीने घेतली, ज्यास पाणवठ्यावरून हाकलले, त्यास न्यायाच्या दिवसाची वार्ता ही खरोखर शुभवार्ता आहे. आणि तिसरे, जे सांगावयास मनुष्य लाजतो ते असे: आपण आतले व बाकीचे बाहेरचे, हे ऐकण्यात एक गोडी आहे. पाऊस कोसळत असता आपले छप्पर गळत नाही, एवढेच सुख मनुष्यास पुरत नाही. शेजाऱ्याचे गळते हे पाहिल्यावर ते सुख दुप्पट होते. ही तिसरी गोडी आपण नीट तपासून पाहिली पाहिजे.

या पुस्तकांच्या बाजूने जे म्हणता येते तेही सांगू. ती वाचून कित्येकांनी शास्त्र उघडले. त्यांतील मुख्य पात्रे मागे राहिलेलीच आहेत, आणि त्यांस पश्चात्तापाची वाट दाखवणे हा लेखकांचा उघड हेतू होता. कोणी म्हणेल की भयाने का होईना, मनुष्य देवाकडे वळला तर बिघडले काय? आई मुलास विहिरीच्या काठाचे भय दाखवते ते मुलावर प्रीती असल्यामुळेच. भय हे प्रीतीचे चाकर होऊ शकते, हे आम्ही नाकारीत नाही. प्रश्न इतकाच की या गोष्टींत भय कोणाचे चाकर आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ज्या वचनावर ही सर्व इमारत उभी आहे तेच उघडून पाहू. १ थेस्सलनीकाकरांस ४ या अध्यायाच्या शेवटी प्रभूच्या येण्याच्या वेळी विश्वासी मेघांत वर घेतले जातील असे पौलाने लिहिले आहे. पण ते त्याने का लिहिले? त्या मंडळीतील काही माणसे मरण पावली होती. मागे उरलेल्यांस वाटले की आमची मेलेली माणसे प्रभूच्या दिवसास मुकली. पौल त्यांस सांगतो की ती मुकली नाहीत, उलट तीच आधी उठतील. आणि शेवटच्या वचनात तो या शब्दांनी एकमेकांचे समाधान करावयास सांगतो. म्हणजे हे वचन मातीला जाऊन आलेल्या घरी, चूल न पेटलेल्या घरी वाचावयाचे आहे. कादंबरीत मात्र त्याच वचनाचा उपयोग असा झाला की शाळेतून आलेल्या लेकराला घरात आई दिसली नाही तर त्याने थरथर कापावे. त्या १९७२ च्या चित्रपटाची भीती लहानपणी मनात बसली ती कित्येक वर्षे गेली नाही, असे अमेरिकेतील पुष्कळ माणसांनी मोठेपणी सांगितले आहे. जे औषध जखमेवर लावावयास दिले होते त्याने निरोग्या मुलास जखम झाली, तर औषध देणाऱ्याने आपला हात तपासला पाहिजे.

त्याच मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. प्रभूचा दिवस आलाच, असा बोलवा तेथे झाला होता, आणि काही लोक कामधंदा सोडून इकडेतिकडे फिरू लागले होते. पौलाने त्यांस स्वस्थपणे काम करून आपली भाकरी खाण्याची आज्ञा केली. पुढे इतिहासात हा रोग पुनःपुन्हा उद्भवला. न्यूयॉर्क प्रांतातील विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब केला. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला, व कित्येकांनी शेतातले पीक काढलेच नाही. दिवस उजाडला व मावळला. १९८८ साली त्याच देशात प्रभू याच वर्षी येणार अशी कारणे देणारी पुस्तिका लाखोंनी वाटली गेली. २१ मे २०११ हा दिवस कॅलिफोर्नियातील रेडिओ-उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी जाहीर केला, आणि त्यांच्या काही अनुयायांनी आपली पुंजी जाहिरातींत घातली. पुढील वर्षी त्यांनी तारीख सांगणे हे पाप झाले असे कबूल केले. परंतु गेलेली पुंजी परत आली नाही, आणि ज्यांचा विश्वास त्या तारखेबरोबर मावळला त्यांची गणती कोणी केली नाही. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही, असे प्रभूने मत्तयाच्या २४ व्या अध्यायात सांगितले असता, प्रभूपेक्षा अधिक जाणण्याची ही हाव कशाला?

कादंबरीकार तारीख सांगत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण तो खुणा दाखवतो, आणि खुणा शोधण्याची सवय लागलेला मनुष्य प्रत्येक नव्या वस्तूत श्वापदाची खूण पाहू लागतो. आपल्या देशात आधार क्रमांक निघाला तेव्हा मिझोरमातील काही ख्रिस्ती कुटुंबांनी तो या भीतीने नाकारला. करोनाची लस आली तेव्हा २०२१ साली ईशान्येकडील काही ख्रिस्ती लोकांत लशीविषयीही असाच बोलवा उठला. शहरातील सुखवस्तू मनुष्याने असा क्रमांक नाकारला तर त्याचे थोडे अडते. पण अंबड किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या विधवा म्हातारीने कोणाच्या सांगण्यावरून तो नाकारला, तर तिचे रेशन अडते, निराधारांचे अनुदान अडते, दवाखान्यातला कागद अडतो. ज्या उपदेशकाने तिला हे सांगितले तो आपल्या घरी जेवत असतो. प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात ती खूण देण्याचा संबंध श्वापदाला नमन करण्याशी आहे. कार्डावरच्या आकड्याने कोणी कोणास नमन करीत नाही. नमन मनाने होते, आणि श्वापदाला नमन करणारे लोक कार्डावाचूनही पुष्कळ आहेत.

मराठी ख्रिस्ती लोकांस कथेची ओळख नवी नाही, व आम्ही कथेचे शत्रू नव्हे. बन्यनच्या प्रसिद्ध रूपकाचे मराठी भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने हरि केशवजी यांनी १८४१ साली केले. मूळ पुस्तक १६७८ चे. त्याचाही आरंभ भयाने होतो; नाशास नेमलेले नगर सोडून यात्रेकरू पळतो, आणि बायकामुले मागे राहतात. परंतु बन्यनला ती तशी मागे राहू देववली नाहीत. १६८४ साली त्याने दुसरा भाग लिहिला, आणि त्यात तीच बायको, तीच मुले, व त्यांच्याबरोबर एक शेजारीण अशी त्याच वाटेने चालू लागली, आणि त्यांत जे अशक्त होते त्यांस सांभाळून नेणारा वाटाड्या त्यांस मिळाला. पुढे १८५७ साली बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले, ज्यास पुष्कळ जाणते लोक मराठीतील पहिली कादंबरी म्हणतात. त्यात त्यांनी हिंदू विधवांचे हाल मांडले. ते पुस्तक वाचणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास आपण तरलो असे वाटून स्वस्थ बसता येत नाही. ज्या स्त्रिया त्याच्या मंडळीत नाहीत त्यांच्या दुःखाने त्याचे मन पोळते. आमच्या भाषेतील ख्रिस्ती कादंबरीचा पहिला धडा हा आहे: बाहेरच्या माणसाचे दुःख आपल्या घरात आणून ठेवणे.

या धड्याच्या शेजारी अंतकाळाची कादंबरी ठेवून पाहा. प्रकटीकरणात पृथ्वीचा चौथा हिस्सा, माणसांचा तिसरा हिस्सा असे आकडे आहेत. कादंबरीत ते अक्षरशः घेतले आहेत, म्हणून तेथे कोट्यवधी माणसे मरतात. ती कोण होती? कोणाच्या आया, कोणाचे बाप, कोणत्या गावचे, हे कळत नाही. वाचकाचा श्वास रोखलेला असतो तो पाच-सहा नायकांसाठी. बाकीचे जग हे देखाव्याचे पडदे. आणि त्या बाकीच्या जगात, वाचकहो, आपला हा सारा मुलूख आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट अशी आहे की एका भावाने बाप्तिस्मा घेतला व दुसऱ्याने घेतला नाही. मामा भजनी मंडळात टाळ वाजवतो, आत्या बुद्धविहारात जाते, बांधाला बांध लागून शेत असलेला शेजारी नमाज पढतो. दुष्काळात त्याच्याच विहिरीवरून आपण पाणी आणले. समजा, असा एखादा चित्रपट पाहून एखादी मुलगी उपदेशकास विचारते, "गुरुजी, त्या दिवशी माझी आजी मागे राहील का?" ती आजी ख्रिस्ती नाही, पण आई रोजगारावर गेली असता या मुलीस तिनेच वाढवले आहे, आणि दर रविवारी तिची वेणी घालून तीच तिला उपासनेस पाठवते. उपदेशक बंधूंनो, तुम्ही काय उत्तर द्याल? कादंबरीजवळ उत्तर तयार आहे, व ते एका शब्दाचे आहे. परंतु शास्त्र आपणांस त्या आजीच्या न्यायाधीशाच्या आसनावर बसवीत नाही. पृथ्वीचा न्यायाधीश न्यायच करील, ही अब्राहामाची भिस्त होती, आणि त्या भिस्तीने तो सदोमासाठी सुद्धा देवाशी घासाघीस करीत उभा राहिला. त्या मुलीस सांगा की तुझ्या आजीवर तुझ्यापेक्षा देवाची प्रीती अधिक आहे. तू तिच्यासाठी प्रार्थना कर, तिचे पाय चेप, आणि प्रभूने तुला काय दिले ते तिला भिऊन नव्हे तर आनंदाने सांग. जो उपदेशक एवढे सांगून गप्प राहील त्याने काही लपवले असे होणार नाही. जे त्यास ठाऊक नाही ते त्याने बोलले नाही, इतकेच.

शास्त्रात एका संदेष्ट्याची गोष्ट आहे, आणि तो आम्हांस या विषयात फार जवळचा वाटतो. योना निनवे शहरात गेला, चाळीस दिवसांनी शहर उलथेल असे त्याने पुकारले, आणि मग बाहेर पूर्वेस जाऊन त्याने एक मांडव घातला व शहराचे काय होते ते पाहण्यास त्याच्या सावलीत बसला. जे शहर नाश पावावयाचे ते समोर, आणि आपण सावलीत सुरक्षित. अंतकाळाच्या कादंबरीचा वाचक नेमका त्याच जागी बसलेला असतो. निनवे वाचले तेव्हा योनास फार वाईट वाटले. भविष्य खोटे ठरले म्हणून तो देवावर रागावला. एका रात्रीत उगवलेला वेल वाळला तेव्हा त्यास कळवळा आला, पण एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांसाठी आला नाही. त्या पुस्तकाचा शेवट देवाच्या प्रश्नाने होतो. उजवे-डावे न कळणाऱ्या इतक्या माणसांची आणि त्या पुष्कळ गुराढोरांची मी कीव करू नये काय, असा तो प्रश्न आहे. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. गुरांची आठवण देवाने काढली, हे आपल्या शेतकरी वाचकांनी विसरू नये. चाऱ्यावाचून बैल दावणीला बसला की काय वाटते ते आपणांस ठाऊक आहे; देवास ते निनवेच्या बैलांविषयी वाटले.

तेव्हा आमची परीक्षा ही आहे. अंतकाळाची कोणतीही गोष्ट ऐकली, मग ती पुस्तकातली असो की मोबाईलवरची, की ती ऐकून झाल्यावर आपण कोठे बसलेले आहो ते पाहावे. शहराबाहेर मांडवात, की शहरात त्या माणसांमध्ये? गोष्ट ऐकून शेजाऱ्याच्या घरी जाण्याची इच्छा झाली तर ती गोष्ट कशीही असो, तिने काही बरे केले. ती ऐकून शेजाऱ्याकडे पाहताना तो आता थोड्याच दिवसांचा, असे वाटू लागले, तर तीत शास्त्राची कितीही वचने असोत, तिने आपले नुकसान केले.

प्रकटीकरणाचे पुस्तक सोडून द्यावे असा याचा अर्थ नव्हे. उलट ते पुस्तक आपलेच आहे. ते रोमी राज्यात छळ सोसणाऱ्या लहान लहान मंडळ्यांस लिहिले होते. त्यांत स्मुर्णा येथील मंडळी दरिद्री होती. ज्यांच्या कोठारात धान्य मावत नाही ते लोक ते पुस्तक वाचतात तेव्हा त्यांस त्यात युद्धाचा तमाशा दिसतो. ज्यांनी अपमान सोसला आहे त्यांस त्यात दिसते की राजे व व्यापारी यांच्यावर देखील एक राजा आहे, आणि आपले अश्रू त्यास दिसतात. शिवाय त्याचा शेवट पाहा. कादंबरीत सर्व धावपळ पृथ्वी सोडून वर जाण्याची आहे. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात नगर वरून खाली येते, आणि देव मनुष्यांमध्ये वस्ती करतो. २२ व्या अध्यायात नदीकाठी झाड आहे, व त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. ज्या देवाने शेवटच्या पानावर नदी व झाड लिहिले त्यास ही जमीन टाकून देण्याजोगी वाटत नसावी.

या गोष्टीची साक्ष आपल्या जिल्ह्यातच आहे. मिलरच्या अनुयायांत प्रभूच्या येण्याच्या दिवसाची घालमेल चालू होती, त्याच वेळी म्हणजे १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पुढे ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होऊन जालन्यास आले. निजामाच्या राज्यात सर सालारजंग दिवाण असता मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. ज्यांस अस्पृश्य मानून गावकुसाबाहेर ठेवले होते त्या कुळांतील ख्रिस्ती लोकांस त्यांनी तेथे घरे, शाळा व उपासनामंदिर दिले. याकोब घरातून पळाला असता उशाशी दगड घेऊन उघड्यावर निजला, व त्या जागेस त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव दिले. ज्यांस गावात जागा नव्हती त्यांच्या गावास हे नाव किती शोभते! प्रभू येणार हे नारायण शेषाद्रींसही ठाऊक होते. त्यांनी त्यासाठी घरांचा पाया खणला.

आणि आजची साक्ष हवी असेल तर मोसंबीची बाग पाहा. मोसंबीचे रोप लावल्यावर फळ धरावयास चार-पाच वर्षे लागतात. २०१२–१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी विकतच्या टँकरचे पाणी घालून बागा जगवण्याची शिकस्त केली. तरी कित्येक बागा वाळल्या व त्यांचे सरपण झाले. जगाचा शेवट पाहावयाचा तर त्या शेतकऱ्याने त्या वर्षी तो पाहिला. तरी पाऊस आल्यावर पुष्कळांनी पुन्हा खड्डे घेतले व रोपे लावली. मत्तयाच्या ज्या २४ व्या अध्यायात अंतकाळाच्या खुणा आहेत, त्याच्याच शेवटी विश्वासू चाकराचा दृष्टांत आहे. धनी येतो तेव्हा त्यास तो चाकर आकाशाकडे पाहत उभा असलेला सापडत नाही. घरच्या माणसांस वेळच्या वेळी अन्न देत असलेला सापडतो, आणि धनी त्यास धन्य म्हणतो. जागृत राहणे याचा प्रभूच्या मुखातला अर्थ हा आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की अशा चित्रपटांस व गोष्टींस केवळ मनाई करू नये. मनाई केलेली वस्तू मुले लपून पाहतात. त्यांनी पाहिले असेल तर त्यांच्याजवळ बसावे. गोष्ट कोणती व वचन कोणते ते शास्त्र उघडून निराळे करून दाखवावे. १ थेस्सलनीकाकरांसचा ४ था अध्याय ज्या घरी मृत्यू झाला असेल त्या घरी जाऊन वाचावा, म्हणजे तो कशासाठी लिहिला हे मंडळीस आपोआप समजेल. आधारच्या व लशीच्या भीतीने कोणी आपले रेशन किंवा औषध सोडले असेल तर त्यास स्वतः बरोबर घेऊन तहसीलास व दवाखान्यास जावे. आणि रविवारच्या उपासनेत योनाचा ४ था अध्याय वाचून मंडळीतील प्रत्येक कुटुंबाने मंडळीबाहेरच्या एका घराचे नाव मनात धरावे, त्या आठवड्यात तेथे जावे, आणि त्या घरी आजारी कोण, कर्जात कोण, एकटे कोण, हे विचारून यावे. प्रभू केव्हा येईल ते येवो. त्या घरी जाण्यास आज सायंकाळी वेळ आहे.